चैत्रातला एक रकाना

परवा भर दुपारी कोथिंबीर आणायला म्हणून गेले आणि दह्यादुधाच्या उघड्या कपाटासमोर उभीच राहिले. आमच्या कोथरूडात हे नवं मोठं दुकान झालंय, जवळ गेलं की दार आपोआप उघडणारं. बाहेर डांबर मऊ पडलं होतं, चपला चिकटत होत्या, आणि इथे कपाटातला गारवा अलगद मनगटावर येत होता. तिथली मुलगी आली आणि हसून म्हणाली, "काकू, काही शोधताय?" म्हटलं, "नाही गं, गार वाटतंय, एवढंच." ती पुन्हा हसली. दुकानात आपल्याकडे बघून कुणी हसलं की मला अजूनही दचकायला होतं. माझं बालपण नारायण पेठेत गेलं. तिथे दुकानदार हसला तर 'घरी सगळं ठीक आहे ना?' असं विचारावंसं वाटायचं.

बाहेर आले तर कोपऱ्यावरच्या कडुनिंबाला मोहर आलेला. त्याचा वास मोठा लबाड असतो. शोधायला गेलं की सापडत नाही, आणि आपण दुसऱ्याच कसल्या विचारात असलो की मागून येऊन गाठतो. हा वास आला की मी मनानं खराडीला जाते. दर वर्षी जाते, आणि दर वर्षी त्या एकाच चैत्रात जाते. सुजाता तिच्या खुर्चीत शाल पांघरून बसलेली असते.

तेव्हा कंपनीची बस आम्हाला शहराच्या या टोकाहून त्या टोकाला न्यायची. सगळे डोळे मिटून, कानांत वायरी घालून बसलेले. मी खिडकीशी. काटेसावरीचा कापूस रस्त्यावर तरंगत असायचा, एखादी म्हातारी बसच्या काचेवर घटकाभर टेकायची आणि पुन्हा उडून जायची. नदीवरच्या पुलावर एक झुळूक यायची, तेवढीच. मग खराडीच्या काचेच्या इमारती, सकाळच्या उन्हात बघवत नसत अशा. आत पाऊल टाकलं की हुडहुडी. बाहेर चैत्राचं ऊन आणि आत माघातली थंडी. आम्ही सगळ्याजणी खुर्चीला शाल अडकवून ठेवायचो. आणि आमच्या गटाचं काम काय, तर हवामानबदल! पृथ्वी तापतेय याची काळजी आम्ही स्वेटर घालून करायचो.

कंपनी म्हणजे इंग्लंडातलं एक भलंमोठं दुकान. बटाट्यापासून पायजम्यापर्यंत सगळं विकणारं, गावोगाव शाखा असलेलं. त्याचे हिशेब आणि अहवाल खराडीत तयार व्हायचे. सासूबाईंना हे समजावता समजावता माझी दमछाक झाली होती. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "म्हणजे तू वाण्याच्या दुकानात आहेस." म्हटलं, तसंच काहीसं. "मग साखर तरी आणत जा."

आमच्या गटाकडे एक तक्ता असायचा. तिकडचं सरकार हवामानासाठी जे कायदे करू पाहतं ते डावीकडे. त्यावर आमचं दुकान जाहीरपणे काय म्हणतं ते मधे. आणि दुकान ज्या व्यापारी संघांचं सभासद आहे, ते संघ सरकारकडे जाऊन काय सांगतात, ते उजवीकडे. शेवटच्या रकान्यात आमचा शेरा: जुळतं, अंशतः जुळतं, किंवा जुळत नाही. दर वसंतात हा तक्ता अहवालात छापून यायचा. दुकान पुढच्या दारानं एक बोलतं आणि मागच्या दारानं संघाकडून दुसरंच वदवून घेतं, असं काही नाही, हे लोकांना कळावं म्हणून. असं काही नाही हे दाखवायला तक्ता करावा लागतो, यातच काय ते आलं.

खरं तर हे काम मला लहानपणापासून ठाऊक होतं. पेठेत बाबांची छोटी डेअरी होती. दूध, चक्का, लोणी, आणि एक घरघरणारा फ्रीज. परदेशी कंपन्या येणार, मोठी दुकानं येणार, म्हणून त्या काळात व्यापारी संघ उठल्यासुटल्या बंद पुकारायचा. बाबांचं स्वतःचं मत, येऊ देत की, बघू. पण संघाचे सभासद पडले. मग बंदच्या दिवशी ते शटर अर्धं खाली ओढायचे आणि वाकून आत येणाऱ्या गिऱ्हाइकाला दूध द्यायचे. एकदा एका काकूंनी वाकल्या वाकल्याच विचारलं, "अहो, तुमचा बंदला पाठिंबा आहे की नाही?" बाबा म्हणाले, "माझा आहे. दुधाचा नाही."

त्या अर्ध्या शटरखालून उन्हाची एक पट्टी आत यायची. चक्क्याचा आंबूस वास, फडक्यातून ठिबकणारं पाणी, पट्टीत येऊन थांबणारे ओळखीचे पाय. मी तिथे बसून परीक्षेचा अभ्यास करायची आणि पायांवरून माणसं ओळखायची. अर्ध्या शटरला आमच्या घरी कुणी लबाडी म्हटलं नाही, व्यवहार म्हटलं. म्हणूनच असेल, 'अंशतः जुळतं' या शेऱ्यावर माझा पुष्कळ वर्षं काही आक्षेप नव्हता. सुजाताचा होता.

सुजाता मेश्राम नागपूरची. हडकुळी, चष्मेवाली, बोलायला लागली की निम्मं इंग्रजी आणि गप्प बसली की दिवसभर गप्प. माझ्या हाताखाली कंत्राटावर होती, आणि चैत्र सरता सरता तिला कायम करायचं की नाही हे ठरणार होतं. तिचा सगळा जीव त्या निर्णयात अडकला होता, कारण नागपुरात तिची आई एकटी राहायची. कमलताई. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. आदल्या उन्हाळ्यात त्यांना ऊन लागलं. जन्मभर दुसऱ्यांना सलाइन लावलेल्या बाई स्वतःच खाटेवर पडल्या, आणि उठल्या त्या अर्ध्या होऊन. डॉक्टरांनी बजावलं होतं की पुढचे उन्हाळे इथे काढू नका. सुजाता स्वतः पेइंग गेस्ट होती, तिथे आईला ठेवता येत नव्हतं. म्हणून तिनं खराडीजवळच एक घर बघून ठेवलं होतं. कायम झाले की ते भाड्यानं घेते आणि आईला आणते, असं तिचं ठरलेलं. डबा खाताना त्या घराशिवाय दुसरा विषय नसायचा. "मॅडम, खिडकीला लागून बदामाचं झाड आहे. फुल सावली. आईला दुपारी तिथं पडता येईल." मला ते घर न बघताच पाठ झालं होतं.

त्या वर्षी तक्त्यात थंड कपाटांची एक ओळ होती. दुकानातल्या थंड कपाटांत जो वायू खेळवतात तो थोडाथोडा गळतो, आणि गळला की धुरापेक्षाही जास्त हवा तापवतो. तिकडचं सरकार म्हणत होतं, हा वायू लवकर बंद करा. आमच्या दुकानानं हिरवीगार चित्रं घालून जाहीर केलं होतं की आमचा पाठिंबा आहे, जितकं लवकर तितकं चांगलं. आणि ज्या संघात आमचं दुकान सगळ्यांत मोठं सभासद, ज्याच्या समितीवर आमचाच माणूस, त्या संघानं सरकारला कळवलं होतं की घाई नको, आम्हाला भरपूर मुदत द्या. सुजातानं दोन्ही वाचलं आणि शेरा लिहिला: जुळत नाही.

यात चुकीचं काही नव्हतं. दुपारी लंडन जागं झालं, आणि तिथल्या आमच्या वरिष्ठ, हेलनबाई, यांनी तो शेरा बदलून 'अंशतः जुळतं' असा केला. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सुजातानं तो पुन्हा 'जुळत नाही' केला. तीही काही बोलली नाही. मग रोजच हे सुरू झालं. सकाळी पुणं लिहायचं, संध्याकाळी लंडन पुसायचं.

त्या सकाळींबद्दल कसं सांगू? आपली सकाळ म्हणजे त्यांची साखरझोप. फोन नाहीत, मीटिंगा नाहीत, पडद्यावर कुणाच्या नावाचा हिरवा ठिपका नाही. काचेपलीकडे घारी संथ गिरक्या घ्यायच्या, लांब कुठेतरी खडी फोडणाऱ्या यंत्राची घरघर, आणि मजल्यावर चहाच्या मशीनचा तेवढा सुस्कारा. ते अवाढव्य दुकान तेव्हा आमचं असायचं. इंग्लंडातल्या कुठल्या तरी अंधाऱ्या गावात त्याची थंड कपाटं आपली आपली गुणगुणत असतील, आणि त्यांच्याबद्दल खरं काय ते आम्ही इथे, शाली पांघरून, लिहीत बसलोय. मला त्या वेळी फार शांत वाटायचं, आणि त्याचं कारण मी स्वतःला कधी विचारलं नाही.

घरी सासूबाई चैत्रभर चैत्रांगण काढायच्या. फ्लॅटचं दार, समोर लिफ्ट, मधे हातभर जागा. त्यात पाळण्यातली गौर, सूर्य, चंद्र, कासव, शंख, सगळं बसवायच्या. संध्याकाळपर्यंत कुरियरवाल्याच्या बुटानं कासवाचं डोकं गेलेलं असायचं. सकाळी पुन्हा रांगोळीचा डबा घेऊन बसायच्या, कुरकुर नाही की काही नाही. मी एकदा म्हटलं, "आई, हल्ली स्टिकर मिळतो, चिकटवून टाकू." त्या मान वर न करता म्हणाल्या, "आणि मी सकाळी उठून काय करू? तुझ्या नवऱ्याचं तोंड बघू?" सुजाताचा तो रकाना मला तस्साच वाटायला लागला. पण रांगोळी पुसली तर घर जात नाही, आणि इथे बदामाच्या झाडाचं घर जाणार होतं.

मला तिचा राग यायचा. खरंच सांगते, संताप व्हायचा. एक दिवस बाजूला घेऊन म्हटलं, "बये, कायम व्हायचंय ना तुला?"

"व्हायचंय ना मॅडम."

"मग हा काय हट्ट लावलायस?"

"हट्ट नाही हो. कुठला अंश जुळतो ते मला सांगा. मी लगेच 'अंशतः' लिहिते."

मी तिच्यासमोर बसून तो अंश शोधायला लागले. मुदत जुळत नव्हती. कारण जुळत नव्हतं. दोन्हीकडे सारखं काही होतं तर ते आमच्या दुकानाचं नाव. मी चष्मा काढून ठेवला आणि म्हटलं, चल, चहा घेऊ.

जयंतीला तिनं दोन दिवस रजा घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसमधून येताना येरवड्याकडे निळ्या पताका अजून लागलेल्या होत्या, वाऱ्यावर फडफडत होत्या. सुजाताची खुर्ची रिकामी. मी तक्ता उघडला. रकान्यात 'अंशतः जुळतं' तसंच पडलेलं. मला काय झालं कुणास ठाऊक. अर्ध्या शटरखाली अभ्यास केलेली बाई मी, मला कशाला पंचाईत? पण डोकं तुडवलेलं कासव दारात दिवसभर बघवत नाही, तसं झालं. मी इकडेतिकडे बघितलं आणि लिहून टाकलं: जुळत नाही. कुणी काही बदललं की त्याचं नाव खाली उमटायचं. तिथे माझं नाव उमटलं. आणि गंमत म्हणजे, बरं वाटत होतं.

त्याच आठवड्यात हेलनबाईंचा फोन आला. इंग्रज माणूस आधी हवापाण्याची चौकशी करतो, मग गळ्याला हात घालतो. पुण्यात फार उकडतंय का, वगैरे झाल्यावर त्या म्हणाल्या, "ईस्टरच्या सुट्टीनंतर मंगळवारी पहाटे अहवाल आपोआप प्रसिद्ध होईल. तोवर आपलं सगळ्यांचं एकमत झालेलं बरं. सुजाताच्या कायम होण्याचा प्रस्तावही माझ्याच टेबलावर आहे. मला तिच्याबद्दल चांगलं लिहायचंय." आवाज थकलेला होता. त्यांच्याही वर कुणीतरी बसलेलं असणार, आणि त्याच्यावर आणखी कुणी.

मी सुजाताला आडपडदा न ठेवता सांगितलं. तिनं शालीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "घर आहे का अजून?" मी विचारलं. "मालक महिनाअखेरपर्यंत थांबलेत," ती म्हणाली. नागपुरात तोवर ऊन असं पेटलं होतं की कमलताईंना तिथे ठेवणं शक्यच नव्हतं. तेव्हा निर्णय लागेपर्यंत त्यांना आमच्याकडे कोथरूडला आणायचं मीच ठरवून टाकलं. रेल्वेतून उतरल्या तेव्हा बाईंच्या हातात एक पिशवी आणि चेहऱ्यावर संकोच. दुसऱ्या दिवशी त्या सासूबाईंबरोबर कैरी किसत बसल्या होत्या. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची डाळ वाटली जात होती, पन्ह्याच्या गुळाला वेलदोड्याचा वास सुटला होता. सासूबाई त्यांना गुडघेदुखीवरची औषधं विचारत होत्या आणि त्या शांतपणे, एकेक सांगत होत्या. पंख्याखाली बसून कमलताई मधेच डोळे मिटून घ्यायच्या. "इथं दुपारीही श्वास घेता येते," त्या मला म्हणाल्या.

गुरुवारी संध्याकाळी हेलनबाईंनी शेवटचा हात फिरवला, 'अंशतः जुळतं' केलं आणि लंडन सुट्टीवर गेलं. शुक्रवारी आम्हालाही सुट्टी. मग शनिवार, रविवार. सोमवारी तिकडे मात्र ईस्टरची सुट्टी, आणि आपल्याकडे नेहमीसारखा कामाचा दिवस. एवढं हुशार दुकान ते, पण सोमवारी पुणं कामावर असतं हे तिथे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

सोमवार मला अजून दिसतो. मजल्यावर निम्मेच दिवे लावलेले. दुपार झाली तरी लंडन उठलं नाही, सकाळच जणू लांबत लांबत संध्याकाळकडे चाललेली. काचेबाहेर ऊन पांढरं पडून स्तब्ध झालं होतं. सुजातानं तक्ता उघडला होता आणि हात मांडीवर ठेवले होते.

"मॅडम, आज तिकडे कोणी नाही."

"माहितीय."

"आज लिहिलं तर ते राहील."

"माहितीय गं बाई!" माझा आवाज चढला. मग म्हटलं, "सरक. मी लिहिते. माझी नोकरी कायमची आहे, मला काय फाशी देतायत? माझं नाव तसंही एकदा लागलंय तिथे."

ती सरकली नाही. "नको मॅडम. रोज मी लिहिते. आज तुमच्या नावानं लिहिलं गेलं तर ते म्हणतील, सुजाताला पटलं होतं." आणि तिनं लिहिलं. मग आम्ही दोघी खाली जाऊन टपरीवरचा चहा प्यायलो. उन्हात उभ्या राहून, मुद्दाम. इतक्या थंडीनंतर ते ऊन अंगाला बरं वाटत होतं.

मंगळवारी अहवाल जसाच्या तसा बाहेर पडला. तिकडच्या एका वर्तमानपत्रानं तो रकाना उचलला: सगळ्यांत मोठं दुकानच म्हणतंय, आमचा संघ आणि आम्ही जुळत नाही. दिवसभर फोन खणखणले. संध्याकाळी कंपनीच्या सर्वांत मोठ्या साहेबांनी जाहीर केलं की आम्हाला आमच्या पारदर्शकतेचा अभिमान आहे. मला हसावं की रडावं कळेना. पुढे संघानंही आपला सूर बदलला, मुदतवाढीची मागणी गुपचूप मागे घेतली. म्हणजे त्या एका शेऱ्यानं जे व्हायचं ते झालं.

फोनवर हेलनबाईंनी विचारलं, "हा शेरा कुणाचा?"

"माझा," सुजाता म्हणाली. "रोजचाच."

बाई म्हणाल्या, "हो. रोजचाच. सुट्टीवर जाताना फाइलला कुलूप लावायचं राहिलं माझ्याकडून." घरातल्या चहाच्या डब्यालाही कुलूप लावेल अशी ती बाई. त्या खरंच विसरल्या, की त्यांनाही ते तसंच राहू द्यायचं होतं, मला आजवर कळलेलं नाही. मला दुसरं खरं वाटतं, पण पुरावा काही नाही.

सुजाताला कुणी रागावलं नाही. उलट कौतुकाचे दोन शब्द आले. महिनाअखेरीला एवढंच कळलं की ती जागाच आता राहिलेली नाही, पुढच्या वर्षीपासून जुळवणीचं काम एक सॉफ्टवेअर करणार आहे. हेलनबाईंनी तिच्याबद्दल खरोखरच चांगलं लिहिलं होतं. जागा नाही तिथे चांगलं लिहून काय करायचं? मी भांडले, वर लिहिलं, पुन्हा भांडले. सगळीकडून सौजन्यपूर्ण उत्तरं आली. आता सुजाता नागपुरातच एका कॉलेजात शिकवते. उन्हाळ्यात तिचा फोन आला की मी 'कशी आहेस' न म्हणता आधी 'आई कशा आहेत' विचारते.

पण जागा गेल्याचं कळलं त्या संध्याकाळी हे पुढचं काहीच ठाऊक नव्हतं. ती आमच्या घरी आली, चपला काढून दाराशीच उभी राहिली. कमलताईंनी बघताक्षणी ओळखलं.

"नाही झालं?"

"नाही, आई."

"काही चुकीचं लिहिलं का तू?"

सुजाता डोळे पुसायला लागली. मीच म्हटलं, "नाही कमलताई. बरोबर लिहिलं. म्हणूनच."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, रुग्णाची नाडी बघतात तसं. "बरोबर लिहिलं ना? पक्कं?"

"पक्कं."

"मग रडून काहून राहिली?" त्या लेकीला म्हणाल्या. "उद्याचं तिकीट काढ. मी पाहून घेईन उन्हाचं." आणि आत जाऊन दोरीवरची लुगडी काढून घड्या घालायला लागल्या. मी म्हटलं, राहा अजून, पावसापर्यंत राहा. त्या फक्त मान हलवत राहिल्या. माणसानं पाहुणं म्हणून किती दिवस गारव्यात राहायचं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण मला कळलं.

सासूबाई तिथेच बसून ऐकत होत्या. त्यांना संघ ठाऊक नव्हता, वायू ठाऊक नव्हता, माझ्या दुकानाची साखरही त्यांनी कधी बघितली नव्हती. त्या उठल्या, स्वयंपाकघरातल्या टोपलीतून एक कांदा निवडून आणला आणि कमलताईंच्या पिशवीत वरच ठेवला. उन्हातून जायचं तर जवळ कांदा असावा, ऊन बाधत नाही, एवढंच त्यांना या विषयातलं माहीत होतं. चाळीस वर्षं दवाखान्यात काढलेल्या कमलताईंनी तो कांदा पिशवीतून काढला, तळहातावर घेऊन बघितला, पुन्हा नीट आत ठेवला.

"आणखी एक द्या, आई," त्या म्हणाल्या. "पोरगीही येते आता."